रेल्वेच्या जुन्या जागेवर टेक्नॉलॉजी पार्क: आधी काय, मग काय

खान्देशात रेल्वेच्या पडून असलेल्या जागेवर आयटी पार्क व्हावा, अशी मागणी झाली की फाइल तयार होते. त्या फायलीच्या पहिल्या पानावर काचेच्या इमारतीचं रंगीत चित्र असतं आणि जागेचा नकाशा शेवटच्या जोडपत्रात, तोही अर्धवट. क्रम उलटा लागल्यामुळे प्रस्ताव अडतात. चित्र सगळ्यात शेवटी यायला हवं. त्याआधी जागा मिळणार का, जमिनीखाली काय आहे आणि तिथे येऊन बसणार कोण, ही तीन उत्तरं कागदावर लागतात.

हा लेख नगरपरिषदेचे पदाधिकारी, अभियंते, उद्योजक संघटना आणि महाविद्यालयं यांच्यासाठी आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित जागा धरू. मोठ्या जंक्शनला लागून २० एकर, म्हणजे साधारण ८ हेक्टर. त्यात बंद इंजिन शेड, डिझेल भरायची जागा, वापरात नसलेली मालधक्क्याची साइडिंग (मुख्य मार्गाच्या बाजूला काढलेला रूळ) आणि पडायला आलेले काही क्वार्टर.

## टप्पा १: रेल्वेला ती जागा खरोखर नको आहे का?

पहिली चूक इथे होते. ‘गवत वाढलंय, रूळ गंजलेत, म्हणजे जागा रिकामी’ असं धरून काम सुरू होतं. रेल्वेच्या लेखी जागा तेव्हाच मोकळी होते, जेव्हा पुढच्या कामांसाठी ती लागणार नाही असं रेल्वे लेखी कळवते.

खान्देशात हा मुद्दा जास्त जपायला हवा, कारण इथे रेल्वे वाढते आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जळगाव-मनमाड चौथ्या मार्गाला (१६० किमी) आणि भुसावळ-खंडवा तिसऱ्या-चौथ्या मार्गाला (१३१ किमी) मंजुरी दिली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किमीच्या इंदूर-मनमाड नव्या मार्गाला मंजुरी मिळाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्धा-भुसावळ तिसरा-चौथा मार्ग (३१४ किमी) मंजूर झाला. नव्या मार्गाबरोबर यार्ड वाढतं, केबिन येते, सबस्टेशन येतं. काल मोकळी वाटलेली पट्टी उद्या रेल्वेलाच हवी असते. पाचोरा-जामनेर हे तर डोळ्यांसमोरचं उदाहरण आहे. नॅरोगेज गाडी थांबली म्हणून त्या पट्ट्यावर दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाची स्वप्नं पाहण्यात अर्थ नाही, कारण तो मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायचं ठरलेलं आहे.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा:

1. जागा कोणत्या रेल्वेची, ते आधी ठरवा. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार हे पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागात. अमळनेरच्या जागेचं पत्र भुसावळच्या व्यवस्थापकांकडे गेलं, तर ते नुसतं फिरत राहतं.
2. मंडल रेल्वे व्यवस्थापकांकडे लेखी विचारा की या जागेवर मंजूर किंवा प्रस्तावित काम आहे का. विचारताना इंजिनिअरिंग, ऑपरेटिंग, सिग्नल व दूरसंचार आणि विद्युत या चारही शाखांचा अभिप्राय मागा.
3. जागा मोकळी ठरली तर विकासाचं काम सहसा रेल्वे भूमी विकास प्राधिकरणाकडे सोपवलं जातं. हे प्राधिकरण रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतलं आहे आणि रेल्वेच्या मोकळ्या जागांचा व्यापारी विकास हेच त्याचं काम आहे. विभागीय रेल्वे शिफारस करते, रेल्वे बोर्ड जागा सोपवतं, मग सल्लागार, व्यवहार्यता अहवाल आणि निविदा.
4. जागा विकत मिळेल असं कुणालाही सांगू नका. ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर मिळते आणि मालकी रेल्वेचीच राहते.

इशारा: खासदार-आमदारांचं शिफारसपत्र किंवा मंत्र्यांच्या सभेतली घोषणा म्हणजे परवानगी नव्हे. पाठपुराव्याला त्याचा उपयोग आहे, पण त्यावर विसंबून सल्लागार नेमू नका.

तपासणी: ‘जागा परिचालनासाठी आवश्यक नाही’ या अर्थाचं पत्र, जावक क्रमांक आणि जोडनकाशासह, हातात आहे का? नसेल तर टप्पा २ च्या पुढे पैसे खर्च करू नका.

## टप्पा २: हद्द, ताबा आणि जागेवरची माणसं

रेल्वेकडे स्वतःचा जमीन-नकाशा असतो, भूमी अभिलेख कार्यालयाकडे गटाचा किंवा सिटी सर्व्हेचा नकाशा असतो, आणि दोन्ही जुळतीलच असं नाही. रेल्वेचा नकाशा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि जुने फेरफार असे तिन्ही कागद समोर ठेवून संयुक्त मोजणी करून घ्या. मोजणीच्या दिवशी रेल्वेचा अभियंता आणि भूमापक दोघंही जागेवर हवेत. हद्दीवर ठिकठिकाणी जमिनीत उभे रोवलेले जुन्या रुळाचे तुकडे सापडतात. ती रेल्वेची हद्दखूण. काही उपटले गेलेले असतात, काही कुणाच्या तरी कुंपणात गेलेले असतात. प्रत्येक तुकड्याचा फोटो आणि जीपीएस नोंद घ्या.

अतिक्रमणाचा प्रश्न नकाशावर लाल रंग मारून सुटत नाही. रेल्वेच्या जागेवरून लोकांना हटवण्याची कायदेशीर वाट सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटाधारकांचे निष्कासन) कायदा, १९७१ मधून जाते. त्यात नोटीस आणि सुनावणी आहे. २०२१ मध्ये सुरत-उधना-जळगाव मार्गाच्या कामात सुरतच्या झोपड्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पाडल्या जाणाऱ्या प्रत्येक झोपडीमागे सहा महिने दरमहा २,००० रुपये द्यायचा आदेश न्यायालयाने दिला आणि पुनर्वसनाच्या जबाबदारीवरून रेल्वेसह स्थानिक यंत्रणांनाही जाब विचारला. हा आपल्याच मार्गावरचा निकाल आहे, तो नियोजन करणाऱ्याने वाचलेला हवा. माझं स्पष्ट मत आहे की तिथे राहणाऱ्या कुटुंबांची गणती आणि पुनर्वसनाची जागा पहिल्या अहवालातच यावी. पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं ‘अडथळा’ म्हणून एका ओळीत उरकू नयेत.

तपासणी: क्वार्टरमध्ये अजून कर्मचारी राहतात का? जागेतून लोकांची पायवाट, शाळेचा रस्ता, मंदिर किंवा दर्गा आहे का? हे सगळं मोजणीच्याच नकाशावर उतरवा.

## टप्पा ३: जमिनीखाली काय आहे

या टप्प्यावर सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि नंतर सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो.

डिझेल भरायच्या जागेवर उभं राहा. वर खडी दिसते, कोरडी, राखाडी. फावड्याने हातभर खाली जा. माती काळी आणि चिकट लागते, बोटांना तेलकट लागते, आणि मे महिन्यातल्या दुपारी डिझेलचा वास अंगावर येतो. त्यातलं ढेकूळ काचेच्या बरणीतल्या पाण्यात टाकून हलवलं की पाण्यावर इंद्रधनुषी तवंग धरतो. ही घरगुती चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण नमुने कुठून घ्यायचे ते सांगते.

जुन्या रेल्वे जागेत काय काय असू शकतं, ते जागेनुसार पाहा. डिझेल पॉइंट आणि शेडच्या तपासणी-खड्ड्यांत डिझेल आणि वंगणतेल. बॅटरी दुरुस्तीच्या खोलीत शिसं आणि आम्ल. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ठिकाणी पीसीबी हे विषारी रसायन असलेलं तेल. भारतात पीसीबीचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण थांबवायचा होता, पण जमिनीत मुरलेलं तेल तारीख बघून निघून जात नाही. छपरांत आणि जुन्या वाफेच्या पाइपांच्या आवरणात ॲस्बेस्टॉस. लाकडी स्लीपरमध्ये क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकावं म्हणून मुरवलेलं डांबरी तेल. आणि वाफेच्या इंजिनांच्या काळातली कोळशाची राख, जी खड्डे बुजवायला सर्रास वापरली जायची. राखेचा भराव दाबला की बसतो, म्हणून त्यावर पाया धरत नाही. तिच्यातले सल्फेट काँक्रीटला खातात.

करायचं असं:

1. निवृत्त कर्मचाऱ्यांना जागेवर बोलवा. फिटर, खलाशी (मदतनीस कामगार), शेडमधले जुने लोक. टाकी कुठे पुरली, तेल कुठे ओतलं जायचं, राख कुठे टाकली, हे कोणत्याही नकाशात नसतं. रेल्वेच्या गावात अशी माणसं दोन हाकांवर भेटतात.
2. त्या माहितीवरून संशयित जागी कमी अंतरावर आणि उरलेल्या जागेत चौकटी आखून जास्त अंतरावर नमुन्याच्या जागा ठरवा. सगळे नमुने जमिनीत सारख्याच खोलवरून घेऊ नका. वरचा थर, मधला आणि मूळ माती किंवा मुरूम लागेपर्यंत.
3. नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्या. डिझेलसाठीचे नमुने काचेच्या बंद बरणीत आणि थंड ठेवून पाठवा. प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवलेला नमुना खोटा ‘स्वच्छ’ येतो.
4. जवळच्या विहिरी आणि बोअरचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासा.
5. दूषित माती उचलायची की जागेवरच उपचार करायचे, ते ठरवा. घातक ठरलेली माती घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार अधिकृत केंद्रातच न्यावी लागते. राज्यातली अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. भुसावळहून तिथपर्यंतचं ट्रकभाडं अंदाजपत्रकात वेगळं धरा.

इशारा: जुने स्लीपर बागेतल्या बाकड्यांसाठी ठेवू नका आणि जाळायला तर मुळीच देऊ नका.

इशारा: सिग्नल व दूरसंचार शाखेच्या संयुक्त पाहणीशिवाय जेसीबी लावू नका. साइडिंग बंद असली तरी तिच्या कडेने चालू मार्गाची सिग्नल केबल किंवा ऑप्टिकल फायबर गेलेली असू शकते. ती तुटली तर गाड्या थांबतात.

सफाईचा खर्च कोण करणार, हे करारात लिहून घ्यायचं आहे. दूषित स्थळांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम आणले आहेत. सल्लागाराला ते समोर ठेवूनच अहवाल लिहायला सांगा.

## टप्पा ४: पाया, पूर, ऊन

तापीकाठी गाळाची माती, दक्षिणेला काळी माती आणि तिच्याखाली मुरूम-बेसाल्ट. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे माती तपासायच्या एकाच बोअरवर पाया ठरवू नका. नदीजवळची जागा असेल तर जलसंपदा विभागाकडून निळी आणि लाल पूररेषा नकाशावर घ्या. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर आपल्या नाल्यात पाणी मागे फुगतं का, हे आसपासच्या शेतकऱ्यांना विचारा.

उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो त्या गावात पश्चिमेला काचेची भिंत देणं म्हणजे एसीच्या बिलाला आमंत्रण. इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं उत्तर-दक्षिणेला, पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं आणि विजेच्या खोल्या, खिडक्यांना खोल छज्जे.

इशारा: पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याची अट डोळे झाकून पाळू नका. दूषित थरातून पाणी मुरवलं तर तेल थेट भूजलात जातं. टप्पा ३ मध्ये स्वच्छ ठरलेल्या भागातच शोषखड्डे ठेवा, बाकीचं पाणी टाकीत साठवा.

## टप्पा ५: खुर्च्यांवर बसणार कोण?

२० एकरांवर चटईक्षेत्र निर्देशांक १, म्हणजे जागेइतकंच बांधकाम, धरला तरी सुमारे ८०,००० चौरस मीटर, म्हणजे ८.६ लाख चौरस फूट बांधकाम होतं. माणशी १०० चौरस फूट धरले तर ८,६०० खुर्च्या. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पहिल्या दिवशी एवढ्या खुर्च्या कोण भरणार? हा हिशोब सभेत मांडून दाखवा, म्हणजे ‘भव्य’ हा शब्द आपोआप मागे पडतो.

मागणी मोजताना ‘आयटी पार्क हवा का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: किती माणसं, कोणत्या महिन्यापासून, चौरस फुटाला किती भाडं परवडेल, किती अनामत ठेवाल? उत्तर लेटरहेडवर सहीनिशी घ्या. अशा दहा पत्रांची किंमत हजार लोकांच्या ऑनलाइन सर्वेक्षणापेक्षा जास्त.

कोणाकडे जायचं? पुण्यातल्या ज्या कंपन्यांमध्ये खान्देशी मुलं मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्याकडे छोट्या शाखेसाठी. जळगावच्या ठिबक, पाइप, डाळ आणि केळीच्या व्यवसायांकडे, कारण त्यांना सेन्सर, साठा-हिशोब, प्रतवारी यांसाठी सॉफ्टवेअर लागतं आणि ते सध्या बाहेरून येतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, भुसावळ, शिरपूर आणि धुळ्याची महाविद्यालयं यांच्याकडे, पण नुसत्या सामंजस्य करारासाठी नको. प्रयोगशाळेची भाड्याची जागा घेणार का, ते विचारायला.

भुसावळपुरतं माझं एक ठाम मत आहे. तिथे विद्युत इंजिनांचा दुरुस्ती कारखाना आहे, क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्था आहे, घराघरांत रेल्वे कळणारी माणसं आहेत. त्यामुळे इंजिनांच्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती आणि चाचणी, सिग्नलिंग, ‘कवच’सारख्या सुरक्षा यंत्रणांशी संबंधित काम, रूळ-तपासणीचं सॉफ्टवेअर, असा रेल्वे-तंत्रज्ञानाचा पार्क तिथे जास्त टिकेल. कॉल सेंटरसाठी पुणे-नाशिकशी भाड्यात झुंजत बसण्यापेक्षा हे बरं. पोरं रात्रीच्या गाडीने पुण्याला जातात ती त्यांना गाव नको म्हणून नव्हे, शिकलेलं काम इथे मिळत नाही म्हणून जातात.

तपासणी: बांधकामाच्या पहिल्या टप्प्याच्या निम्म्या जागेसाठी तरी सहीची पत्रं आली का? नसतील तर तो टप्पा लहान करा.

## टप्पा ६: वीज, इंटरनेट, पाणी

वीज: महावितरणकडे एकाच सबस्टेशनच्या दोन फीडरवर समाधान मानू नका. दोन वेगळ्या सबस्टेशनमधून पुरवठा शक्य आहे का, ते लेखी घ्या. दीपनगरचं वीजकेंद्र जवळ आहे म्हणून वीज खात्रीची, हा समज सोडा.

इंटरनेट: रुळांच्या कडेने रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचं फायबर जातं, हा अशा जागेचा मोठा फायदा आहे. तरी दुसऱ्या कंपनीची लाइन दुसऱ्या बाजूने आणा. एकाच चरातून दोन केबल आल्या तर एका खोदकामात दोन्ही जातात.

पाणी: कार्यालयात माणशी रोज ४५ लिटर धरतात. ८,६०० माणसांचे ३.८७ लाख लिटर झाले. उन्हाळ्यात नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे कुठून येणार? सांडपाणी शुद्ध करून फ्लश आणि झाडांसाठी वापरायची वेगळी पाइपलाइन पहिल्यापासूनच आखा.

## टप्पा ७: आराखडा आणि परवानग्या

आता चित्र काढायला हरकत नाही. सगळ्यात आधी नकाशावर तीन पट्टे रंगवा: पूररेषेच्या आतला, दूषित आणि रेल्वे हद्दीपासून ३० मीटरचा. या ३० मीटरमध्ये बांधकाम करायचं तर रेल्वेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. उरतं तिथेच इमारती. रुळांकडच्या बाजूला पार्किंग आणि झाडं ठेवा. सर्व्हर आणि चाचणीच्या खोल्या मालगाड्यांच्या हादऱ्यापासून लांब न्या. हादरे दिवसा एकदा मोजून भागत नाही. सलग २४ तास मोजा, कारण मालगाड्या रात्रीही धावतात.

जुनं शेड चांगलं असेल तर पाडू नका. उंच छत, लांब गाळे, कार्यशाळेला ते उत्तम. पण छताच्या रिव्हेट मारलेल्या जुन्या कैच्यांचं लोखंड तपासल्याशिवाय त्यावर वेल्डिंग करू नका.

परवानग्यांत नेहमी अडकणाऱ्या गोष्टी:

1. विकास आराखड्यात जागा ‘रेल्वे’ म्हणून दाखवलेली असते. वापर बदलायला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल लागतो. त्यात हरकतींसाठी महिन्याची नोटीस आणि शेवटी शासनाची मंजुरी. हे काम टप्पा ३ चालू असतानाच सुरू करा.
2. रेल्वे कायदा, १९८९ चं कलम ११ रेल्वेच्या स्वतःच्या कामांसाठी आहे. आयटी पार्कला त्याचा आधार धरू नका; राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (२०२०) पाळावी लागेल, असं समजूनच नकाशे करा.
3. २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. प्रकल्पाचे तुकडे पाडून मर्यादेखाली राहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पूर्ण प्रकल्पाचं क्षेत्र धरलं जातं.
4. वसाहतीतले जुने कडुनिंब मोजा. शहरी हद्दीत ५० वर्षांहून जुनं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं. नकाशावर इमारत हलवणं झाड तोडण्याच्या परवानगीपेक्षा स्वस्त पडतं.

## टप्पा ८: निविदा आणि भाडेपट्टा

निविदेत जागा ‘आहे तशी’ देऊन मोकळं होण्याचा मोह टाळा. बोली लावणारा अनिश्चिततेची किंमत आधीच कापून घेतो. माती, पाया आणि मोजणीचे अहवाल निविदेसोबत उघड करा, बोली वाढते.

करारात ही कलमं नीट पाहा. पोटभाड्याने देण्याचा हक्क आहे का? नसेल तर कंपन्यांना गाळे देता येणार नाहीत. बँकेला भाडेपट्ट्याचा हक्क तारण घेता येतो का? मुदत संपताना इमारतीचं काय? उशीर झाला तर दंड, पण परवानगी रेल्वेकडूनच अडली असेल तर मुदतवाढ? आणि किती जागा तंत्रज्ञानाच्या कामासाठीच राहील? हे शेवटचं सुटलं की तळमजल्यावर शोरूम आणि वर मंगल कार्यालय व्हायला वेळ लागत नाही. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणातल्या सवलती घ्यायच्या असतील तर धोरणातलं प्रमाण करारात शब्दशः उतरवा. केंद्राच्या मालमत्तेला मिळणारी करसूट खासगी भाडेकरूलाही मिळेल असं धरून ताळेबंद मांडू नका.

तपासणी: हप्ते टप्प्यांशी जोडले आहेत का? पहिली इमारत भरायच्या आधीच सगळी रक्कम मागितली, तर स्थानिक उद्योजक बाहेर पडतात आणि उरतो तो फक्त जमीन अडवून ठेवणारा.

## टप्पा ९: पहिला टप्पा लहान, पण पूर्ण

सुरुवात २०,००० चौरस फुटांपासून करा, म्हणजे साधारण २०० खुर्च्या. स्टेशनला सगळ्यात जवळचा आणि स्वच्छ ठरलेला कोपरा निवडा. पण त्या कोपऱ्यात सगळं हवं: दोन वीजजोड, दोन फायबर, पाणी, उपाहारगृह, पाळणाघर आणि स्टेशनकडे जाणारा दिव्यांचा, सावलीचा रस्ता. मुलींना संध्याकाळी सातला त्या रस्त्याने निर्धास्त चालता आलं पाहिजे, नाहीतर निम्मं मनुष्यबळ आधीच गमावलं. दूषित भागाची सफाई त्याच वेळी दुसऱ्या टोकाला चालू ठेवा आणि मध्ये पक्कं कुंपण घाला. दुसऱ्या टप्प्याची निविदा पहिल्यातल्या दीडशे खुर्च्यांचं भाडं सलग वर्षभर जमा झाल्यावर काढायची, ही अट मूळ प्रस्तावातच लिहून ठेवा. मग निवडणुकीआधी कुणी घाई केली तरी दाखवायला कागद असतो.